बाळाच्या फोटोत एक डोळा पांढरा दिसतोय, सांगू की गप्प बसू?

पत्र थोडक्यात असं: ताई लहान मुलांच्या डोळ्यांच्या आजारांबद्दल माहिती देणाऱ्या एका छोट्या ग्रुपमध्ये स्वयंसेवक आहेत. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीच्या मुलीला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर झाला होता. एक डोळा काढावा लागला, मुलगी आज ठणठणीत आहे, आणि त्यातूनच हे काम सुरू झालं. लसीकरणाच्या दिवशी, बालवाडीत, पालकांच्या मीटिंगमध्ये ही मंडळी बोलतात. काही महिन्यांपूर्वी शेजारच्या एका तरुण आईने ताईंना बाळाचा फोटो दाखवला, एका डोळ्यात पांढरं चमकत होतं. ताई म्हणाल्या, "हा कॅन्सर असू शकतो, लगेच दाखव." शनिवारची संध्याकाळ होती, सोमवारपर्यंत डॉक्टर भेटले नाहीत, घरात रडारड झाली, आणि तपासणीत बाळ एकदम नॉर्मल निघालं. ते कुटुंब आता ताईंशी बोलत नाही. ग्रुपमध्येही वाद चालू आहे, प्रमुख बाईंचं म्हणणं की लोक घाबरल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून पोस्टरवर सुजून बाहेर आलेल्या डोळ्यांचे फोटो टाकायचे. आणि आता धाकट्या जाऊबाईंनी फॅमिली ग्रुपवर दीड वर्षाच्या मुलाचे फोटो टाकलेत, त्यातल्या तीन फोटोंत डावी बाहुली पांढरट दिसतेय. नवरा म्हणतो, "एकदा हात पोळले ना, आता घरात तरी नको." ताई विचारतात, सांगू का? आणि आम्ही जागृती करतोय की नुसती भीती पसरवतोय?

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यातला एक थांबू शकतो, दुसरा नाही. ग्रुपचं पोस्टर पुढच्या महिन्यात ठरलं तरी चालेल. जाऊबाईंना फोन मात्र आजच करा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

का ते सांगते. एकाच फोटोत पांढरं दिसलं तर तो प्रकाशाचा खेळ असू शकतो. तीन फोटोंत, तोच डोळा, आणि दुसरा डोळा नेहमीसारखा, हे मात्र बघून सोडून द्यायचं प्रकरण नाही. त्याचा अर्थ कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाहीये, तुम्हीही म्हणायचं नाही. पण दीड वर्ष हे अगदी ते वय आहे ज्यात हा आजार सापडतो, बहुतेक मुलांमध्ये तो पाच वर्षांच्या आत दिसतो आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर आणखी लवकर. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लहान मुलाच्या बाहुलीतली नेहमीची लाल चमक (फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल येतात ती) दिसत नसेल तर दोन आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने बघावं अशी शिफारस आहे. म्हणजे रात्री दोनला गाडी काढून पळायची गरज नाही, पण "सुट्टीत आलात की दाखवू" हेही चालणार नाही.

आता बोलायचं कसं, कारण तुमची खरी अडचण तीच आहे असं मला पत्र वाचून वाटलं. जाऊबाईंना खाजगीत फोन करा, फॅमिली ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. तिथे लिहिलंत की दहा जण दहा सल्ले देतील, कुणीतरी "आमच्याही पोराचा असाच यायचा, मोबाईल बदलला आणि गेला" म्हणेल, आणि विषय संपेल. साधारण असं बोला: "अगं, तू टाकलेले फोटो बघत होते. तीन फोटोंत डाव्या डोळ्याची बाहुली पांढरट दिसतेय, उजवी बरोबर आहे. कधी हा फ्लॅशचाच खेळ असतो, कधी मोठा नंबर असतो, कधी लहानपणीचा मोतीबिंदू असतो, कधी पडद्याला काहीतरी असतं. फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा बघतात, मग कळतं. लहान मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर कुठे बसतात ते मी काढून ठेवलंय, अपॉइंटमेंट मी घेते, म्हणशील तर बरोबर येते."

ती विचारेलच, "वहिनी, कॅन्सर-बिन्सर तर नाही ना?" तुम्ही काय काम करता हे तिला माहीत आहे. अशा वेळी खोटं बोलू नका. "तेही एक कारण असतं, म्हणूनच लवकर बघायचं, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो" एवढं एका दमात म्हणा, मध्ये श्वास घेऊ नका, कारण "कॅन्सर" ऐकल्यावर पुढचं कुणाला ऐकू येत नाही. जमलं तर भावजींनाही त्याच फोनवर घ्या. एकट्या आईच्या डोक्यावर ही गोष्ट ठेवली की घरात तिला समजावणारेच जास्त भेटतात, "तुला उगाच काहीतरी दिसतं" म्हणणारे. दोघांनी एकत्र ऐकलं तर निदान गाडी तरी निघते.

अपॉइंटमेंट घेताना "फोटोत एक बाहुली पांढरी दिसते, वय दीड वर्ष" हे शब्द वापरा, नुसतं "डोळे चेक करायचेत" म्हटलंत तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. ते तीन फोटो मूळ फाइल म्हणून मागून घ्या, ग्रुपवर आलेले दाबून लहान झालेले असतात. आणि चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून "सगळं ठीक आहे" ऐकून परत येऊ नका म्हणावं, तिथे पडदा बघितला जात नाही.

आता शेजारच्या बाळाबद्दल. तुम्ही लिहिलंय, "माझं निदान चुकलं." ताई, निदान तुम्ही करणारच नव्हतात, ते तुमचं कामच नव्हतं. तुम्ही एका आईला डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचवलंत, बाळाचा पडदा नीट बघितला गेला, तो चांगला निघाला. स्वयंसेवकाच्या हिशोबात ही केस जमेच्या बाजूला जाते. ज्या जागृतीत एकही फोटो खोटा ठरत नाही ना, तिथे समजायचं की लोक फार उशिरा दाखवतायत, अगदी न सांगता कळेल अशा अवस्थेत.

त्या बाळाच्या डोळ्यात चमकलं काय असेल, हेही समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सांगता येईल. फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जातो, पडद्यावरून परत येतो, पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांमुळे तो लालसर दिसतो, म्हणून फोटोत डोळे लाल येतात. लोक त्याला फोटो बिघडला म्हणतात, खरं तर दोन्ही डोळे सारखे लाल येणं ही चांगली गोष्ट आहे. पण पडद्यावर एक जागा असते जिथून डोळ्याची नस मेंदूकडे निघते, ती जागा फिकट पांढरट असते. बाळ कॅमेऱ्याकडे सरळ न बघता थोडं बाजूला, साधारण पंधरा अंश नाकाच्या दिशेने बघत असेल तर फ्लॅश बरोब्बर त्या नसेच्या तोंडावर पडतो आणि निरोगी डोळासुद्धा पांढरा चमकतो. हे डॉक्टरांना माहीत असतं, आई-बाबांना नसतं, आणि फोटोवरून खात्रीने वेगळं काढता येत नाही. म्हणून तर थेंब टाकून बघायचं.

तरी त्या कुटुंबाचा राग मला समजतो. तुम्ही दारात उभं राहून तो शब्द उच्चारलात आणि मग शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ त्यांना त्या शब्दाबरोबर एकटं सोडलंत. दोन रात्री त्या बाईने काय केलं असेल, फोन हातात घेऊन वाट्टेल ते वाचत बसली असेल, झोपलेल्या बाळाच्या डोळ्यावर टॉर्च मारून बघितला असेल. माझ्या मते त्यांना सलणारी गोष्ट ती आहे, तुमचा संशय नाही. त्यामुळे माफी मागायचीच असेल तर "मी उगाच सांगितलं" अशी मागू नका, नाहीतर पुढच्या खेपेला त्याच घरात खरोखर काही दिसलं तर तेही गप्प बसतील. "सांगायला हवंच होतं, पण ज्या पद्धतीने सांगितलं त्याचा तुम्हाला त्रास झाला, आणि नंतर मी तुमच्यासोबत थांबायला हवं होतं" असं म्हणा. नाही बोलले तरी ठीक आहे. बाळ बरं आहे.

यावरून ग्रुपसाठी एक नियम निघतो, माझ्या हातात असता तर मी तो पहिल्या पानावर लिहिला असता: पाठवायची जागा तयार नसेल तर संशय बोलून दाखवायचा नाही. म्हणजे लहान मुलांचा पडदा तपासणारे डॉक्टर जवळपास कोण, कोणत्या वारी बसतात, फोन कोण उचलतं, पैसे लागतात का, भूल देऊन तपासायची वेळ आली तर कुठे पाठवतात, हे सगळं आधी गोळा करायचं, मग पोस्टर छापायचं. बहुतेक ग्रुप उलट्या क्रमाने जातात, आधी टी-शर्ट होतात. आणि शनिवारी संध्याकाळी फोटो आलाच, तर एका आईशी समोरासमोर बोलताना "कॅन्सर" म्हणायची गरजच नाही, "बाहुली पांढरी दिसतेय, सोमवारी डॉक्टरांना दाखवू, मी सकाळी तुझ्याबरोबर असेन" एवढं पुरतं. पांढऱ्या बाहुलीमागे मोतीबिंदू असो, पडद्याचा दुसरा आजार असो की गाठ असो, पुढची पायरी एकच आहे आणि तिला कुठल्याच आजाराचं नाव लागत नाही. जन्मजात दाट मोतीबिंदूलाही घाई असतेच, पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशन झालं तर नजर नीट घडते, नाहीतर डोळा चांगला असूनही मेंदू त्याला बघायला शिकत नाही.

सभेत बोलताना मात्र वेगळं. तिथे समोर पन्नास जण असतात, कुणा एकाच्या बाळाबद्दल आपण बोलत नसतो, तिथे नाव स्पष्ट घ्यावं असं माझं मत आहे. नुसतं "डोळ्यांची काळजी घ्या" म्हटलं तर लोक गाजराचा विचार करतात आणि घरी जातात.

आता तुमच्या प्रमुख बाईंचा मुद्दा. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, त्यांनी उशिरा आलेली मुलं बघितली असतील आणि ते दृश्य डोक्यातून जात नाही. पण सुजून बाहेर आलेल्या डोळ्याचं पोस्टर बघून आई काय करते माहितीये का? ती आपल्या बाळाकडे बघते, त्याचा डोळा तसा नसतो, आणि ती निवांत होते. "आमच्या बाळाला नुसतं थोडं चमकतं, पोस्टरवर होतं तसं काही नाही." म्हणजे ज्या आईला हलवायचं होतं तिलाच पोस्टरने धीर दिला. लोकांनी जे शोधावं असं वाटतं तेच दाखवायला हवं: साधा, हसरा, वाढदिवसाचा फोटो, आणि एका बाहुलीत पांढरी चमक. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की अरे, असा फोटो तर आपल्याही मोबाईलमध्ये असू शकतो. दुसरी गोष्ट, ते भयंकर फोटो कुणाच्या तरी मुलाचे असतात. आई-वडिलांनी संमती दिली होती का, दिली असली तरी ते मूल मोठं झाल्यावर त्याला चालेल का, हे कुणी विचारत नाही. मुलांचा चेहरा ओळखू येईल असा फोटो लेखी संमतीशिवाय कुठेच वापरू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच.

भीती दाखवायचीच असेल तर उशिराची दाखवा, डोळ्याची नको. २०१७ या एका वर्षात निदान झालेल्या ४,३५१ मुलांचा १५३ देशांतून मिळून एक मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात श्रीमंत देशांतल्या मुलांचं निदानाच्या वेळचं मध्यक वय (निम्मी मुलं त्याहून लहान, निम्मी मोठी) साधारण १४ महिने होतं आणि सगळ्यात गरीब देशांत ३० महिने. सोळा महिन्यांचा फरक. आणि त्या सोळा महिन्यांत काय होतं, तर गरीब देशांत जवळजवळ निम्म्या मुलांची गाठ डोळ्याच्या बाहेर पसरलेली होती, श्रीमंत देशांत शंभरात दोनही नाहीत. आजार तोच, डोळा तोच, फक्त कॅलेंडर वेगळं. वेळेत पोचलेली मुलं जगतात, जिथे सोयी चांगल्या आहेत तिथे शंभरातली पंचाण्णवच्या वर. हे आकडे प्रमुख बाईंना दाखवा, पोस्टरवर "लवकर दाखवलं तर बरं होतं" हे मोठ्या अक्षरात आणि आजाराचं नाव छोट्या अक्षरात असावं यावर त्या तयार होतील असं वाटतं.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्या आयांपर्यंत कसं पोचायचं? इथे मला थोडं अडवू द्या. आयांना कळत नाही, हे आपण गृहीत का धरतो? मी नेत्रविभागात समुपदेशनाचं काम केलंय, आणि तिथे "पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं" हा प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा आईच असायचं, नाहीतर आजी. एका आईने मला सांगितलं होतं की संध्याकाळी खोलीत उजेड कमी असताना पाजायला घेतलं की बाळाच्या डोळ्यात आत काहीतरी चमकायचं, बाळाने मान हलवली की गायब. ती घरात सगळ्यांना बोलवायची, सगळे दिव्याखाली बाळाला धरून बघायचे, आणि दिव्याखाली काही दिसायचं नाही, कारण उजेडात बाहुली आकसते. "तुला भास होतो" हे तिने किती ऐकलं असेल. म्हणजे गाडी आईच्या नजरेपाशी अडली नव्हती, त्याच्या पुढे अडली होती: नवऱ्यापाशी, सासूबाईंपाशी, आणि वाईट वाटतं म्हणायला, पण कधीकधी "लहान आहे, होईल आपोआप बरं" म्हणणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपाशी.

तिरळेपणाचंही तेच. पांढऱ्या बाहुलीनंतर या आजाराचं सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे डोळा तिरका होणं, आणि तिरळेपणा म्हटलं की घरोघरी एकच उत्तर, मोठेपणी जाईल. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालतं. पण डोळा सतत तिरका असेल, किंवा चार महिन्यांनंतरही तिरका होत असेल तर दाखवायलाच हवं. बहुतेकांना आजार निघणार नाही, साधा तिरळेपणा निघेल, पण त्यालाही लवकरच उपचार लागतात.

म्हणून तुमची पुढची मीटिंग आयांची नको, आजी-आजोबांची आणि बाबांची घ्या. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लस टोचणाऱ्या सिस्टर, पाळणाघरातल्या ताई, बालवाडीच्या बाई, गल्लीतले फॅमिली डॉक्टर. ही माणसं वर्षभरात शेकडो बाळं बघतात. होंडुरासमध्ये २००३ पासून राष्ट्रीय लसीकरण मोहिमेला जोडून या आजाराची माहिती द्यायला सुरुवात झाली, कारण लसीला तसंही प्रत्येक बाळ येतंच, वेगळी सभा कुणाला भरवावी लागली नाही. आधी तिथे येणाऱ्या मुलांपैकी ७३ टक्के मुलांचा आजार डोळ्याबाहेर गेलेला असायचा, मोहिमेनंतर ते प्रमाण ३५ टक्क्यांवर आलं. कुणाला घाबरवायचे फोटो लागले नाहीत, फक्त माहिती योग्य दारात उभी केली.

डॉक्टरांशी बोलताना शिकवायला जातोय असा सूर नको, नाहीतर ते पुढच्या वेळी दार उघडणार नाहीत. "आमच्याकडे असे पालक येतात, तुमच्याकडे पाठवले तर तुम्ही पुढे कुठे पाठवाल" असं विचारत जा. बोलता बोलता बाहुलीतली लाल चमक बघायचा विषय निघतोच. खोलीत अंधार करून हातातल्या ऑप्थॅल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून आत बघायच्या उपकरणाने, दोन्ही बाहुल्या एकदम बघायच्या, मिनिटभराचं काम.

घरी करण्यासारखी एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, तुमच्या सभेत ही करून दाखवा. बाळ खेळण्यात रमलेलं असताना हळूच तळहाताने एक डोळा झाका. मग थोड्या वेळाने दुसरा. दोन्ही वेळा बाळ सारखंच वागलं, हात ढकलला किंवा नाही ढकलला, तर ठीक. पण एक डोळा झाकल्यावर काहीच वाटत नाही आणि दुसरा झाकला की लगेच रडतं, मान वळवतं, हात ओढतं, तर समजायचं की ज्या डोळ्याने त्याला दिसतं तो आपण झाकलाय आणि दुसऱ्याने त्याला कमी दिसतं. लहान मुलाचा एक डोळा गेला तरी ते धडपडत नाही, तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्यावर सगळं चालवतं, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही.

समजा, देव न करो, एखाद्या मुलात खरंच आजार निघाला, तर तुमचं काम तिथे संपत नाही, किंबहुना सगळ्यात अवघड भाग तिथून पुढे असतो. डॉक्टर सुई घालून तुकडा काढून तपासत नाहीत, कारण त्याने आजार डोळ्याबाहेर पसरायची भीती असते. भूल देऊन पडदा बघणं, सोनोग्राफी, एमआरआय यावरून ठरवतात. मग नातेवाईक म्हणतात, "तुकडा न तपासता कसं काय ठरवलं, दुसरीकडे जाऊ." उपचारांत केमो, लेझर, थंड करून गाठ नष्ट करणं, असं बरंच आहे आणि आता कितीतरी डोळे वाचतात. पण काही वेळा डोळा काढणं हाच जीव वाचवायचा मार्ग असतो, आणि त्या शब्दापाशी आई-वडील उठून निघून जातात. काही महिने इकडेतिकडे फिरतात, परत येतात तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. उपचार नाकारणं किंवा अर्धवट सोडणं हे जगभर, विशेषतः गरीब देशांत, मुलं दगावण्याचं मोठं कारण आहे.

त्या क्षणी माहितीपत्रक उपयोगी पडत नाही. तुमच्या ग्रुपमधली ती मैत्रीण उपयोगी पडते. तिची तयारी असेल तरच, आणि तिच्या मुलीला पुढे न करता. डोळा काढल्यावर आत एक गोळा बसवतात, जखम भरली की काही आठवड्यांनी रंग जुळवून केलेला कृत्रिम डोळा पुढे बसतो, तो थोडाफार हलतोही, मूल शाळेत जातं, पळतं, सायकल चालवतं, हे सगळं डॉक्टरांनी सांगणं वेगळं आणि तो डोळा धुवायला अधूनमधून बाहेर काढणाऱ्या, मूल काढू देत नाही तेव्हा त्याची समजूत घालणाऱ्या, कधीतरी तो बेसिनमध्ये पडल्यावर शोधणाऱ्या आईने सांगणं वेगळं. दुसरं मत घ्यायला अडवू नका, फक्त "कुठे घेताय आणि कोणत्या तारखेला" हे विचारा आणि त्या तारखेला फोन करा.

एक प्रश्न प्रत्येक घरात येतो, हे आमच्यामुळे झालं का. आजाराचं मूळ आरबी१ नावाच्या जनुकात झालेल्या बदलात असतं. साधारण दहातल्या चार मुलांमध्ये तो बदल शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो, बाकीच्यांमध्ये फक्त त्या डोळ्यातल्या पेशीत होतो. बहुतेक घरांत आधी कुणालाही हा आजार झालेला नसतो. गरोदरपणात आईने काही केल्याने किंवा न केल्याने हा होत नाही, हे वाक्य आजीसमोर मोठ्याने म्हणा, त्याची तिथे जास्त गरज असते. भावंडांचे डोळेही तपासून घ्यायचे असतात, हे या गडबडीत विसरलं जातं.

तुमच्या मिस्टरांबद्दल थोडं. ते चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांना घरातले संबंध सांभाळायचेत आणि तुम्हाला मागच्या वेळी झालेला त्रास त्यांनी बघितलाय. पण त्यांना एक विचारा, उद्या वर्षभराने काही निघालं आणि जाऊबाईंना कळलं की वहिनींना फोटो बघून तेव्हाच शंका आली होती, तर संबंध राहतील का? बाळ नॉर्मल निघालं तर जाऊबाई दोन महिने रुसतील. तेवढं परवडतं.

आणि हे वाचून जे इतर पालक आता मोबाईलमधले जुने फोटो झूम करायला बसणार आहेत, त्यांच्यासाठी. बघा, बघायला हरकत नाही. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांनी मुलाला हा आजार निघाल्यावर असेच जुने फोटो चाळले, तर बाळ १२ दिवसांचं असतानाच्या फोटोतही चमक सापडली. त्यातून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फोटो तपासणारं एक मोफत अ‍ॅप तयार केलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोळ्यांचे आजार असलेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांच्या फोटोंत त्या अ‍ॅपला निदानाच्या आधीच चमक सापडली होती, सरासरी १.३ वर्षं आधी. म्हणजे उरलेल्या २० टक्क्यांत नाही सापडली. तेव्हा फोटो बघायचेच असतील तर फ्लॅशने काढलेले बघा, रेड आय घालवणारं सेटिंग बंद ठेवून काढलेले, बाळ सरळ लेन्सकडे बघतंय असे. दोन्ही डोळ्यांची तुलना करा. पांढरा, पिवळसर, किंवा एक लाल आणि दुसरा नुसताच काळा, असं परत परत दिसत असेल तर दाखवा. आणखी चांगला पुरावा मिळावा म्हणून महिनाभर फोटो काढत बसू नका. आणि फोटो सगळे छान आले, पण बाळ एका बाजूच्या खेळण्याकडे बघतच नाही असं तुम्हाला रोज वाटतंय, तर फोटो बाजूला ठेवा आणि थेंब टाकून पडदा तपासून घ्या.